जळगाव ते मोलगी : औषधांच्या आकाशवाटेचा शोध

मी नाशिकच्या एका रक्तपेढीत तंत्रज्ञ म्हणून काम करते आणि माझे माहेर जळगावचे आहे. त्यामुळे ड्रोनने रक्त किंवा लस पोहोचवल्याची बातमी वाचली की मला सर्वांत आधी आठवतो तो सातपुड्याचा आपल्या खानदेशातला भाग : चोपड्यापासून अक्कलकुव्यापर्यंतचा पायथा आणि त्याच्या माथ्यावरचे धडगाव, तोरणमाळ, मोलगी. या भागात ड्रोनचा उपयोग नक्की कुठे होईल, कुठे होणार नाही आणि तिथल्या परिचारिकांना, आशाताईंना, गाडी चालवणाऱ्यांना त्याबद्दल काय वाटते, हे जागेवर जाऊन विचारावे असे पुष्कळ दिवस मनात होते. पावसाळा सरता सरता, सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, तो योग आला.

सोबत माझा भाचा होता. त्याच्याकडे ड्रोन वैमानिकाचे प्रमाणपत्र आहे आणि तो जळगाव परिसरात शेतीच्या फवारणीची कामे करतो. गाडीही त्याचीच होती. मी आमच्या कामाची एक शीतपेटी घेतली होती आणि तिच्यात रक्ताच्या पिशवीएवढ्या पाण्याच्या पिशव्या आणि तापमान नोंदवणारे छोटे यंत्र ठेवले होते. रक्ताची पिशवी साठवणीत २ ते ६ अंशांवर ठेवावी लागते आणि वाहतुकीत तिचे तापमान १० अंशांच्या वर जाऊ द्यायचे नसते. घाटरस्त्यांवर ही पेटी किती टिकते हे मला पाहायचे होते.

शनिवार : जळगाव, अडावद, चोपडा

विदगावचा तापीवरचा पूल ओलांडला की केळीचा मुलूख सुरू होतो. त्या दिवशी तापी दुथडी भरून वाहत होती, पाणी गढूळ होते आणि आकाश मात्र धुऊन काढल्यासारखे स्वच्छ होते. अडावदच्या अलीकडे एका शेताच्या बांधावर गाडी थांबवली, कारण भाच्याच्या ओळखीच्या एका ताई तिथे कपाशीवर ड्रोनने फवारणी करत होत्या. बचत गटातल्या महिलांना फवारणीचे ड्रोन देण्याची ‘नमो ड्रोन दीदी’ योजना २०२३ च्या अखेरीस मंजूर झाली, तेव्हापासून असे दृश्य खानदेशात नवलाचे राहिलेले नाही. ड्रोन म्हणजे लग्नातला कॅमेरा हा समज इकडे केव्हाच मागे पडला आहे, आणि मला ही फार मोठी जमेची बाजू वाटते. ज्या भागात गावातलीच बाई ड्रोन उडवते, दुरुस्त करते, त्याच्या बॅटऱ्या सांभाळते, तिथे वैद्यकीय ड्रोनसाठी माणसे बाहेरून आणावी लागणार नाहीत.

ताईंनी टाकी भरता भरता सगळे समजावून सांगितले. दहा लिटरची टाकी भरून उडवले की बॅटरी दहा मिनिटेही पुरत नाही, उतरवून लगेच दुसरी जोडी लावावी लागते. दुपारी वारा सुटला की काम बंद, कारण फवारा भलत्याच शेतात जातो. मे महिन्यात तर बॅटरी इतकी तापते की ती थंड होईपर्यंत चार्जिंगला लावताच येत नाही. मी त्यांना आमच्या प्रवासाचे कारण सांगितले तेव्हा त्यांनी विचारले, “मग याच ड्रोनला टाकीच्या जागी औषधाचा डबा बांधला तर पोहोचेल का हो वर पाड्यावर?”

उत्तर भाच्याने दिले आणि ते नीट समजून घेण्यासारखे आहे. फवारणीचा ड्रोन केवळ पंख्यांच्या जोरावर हवेत तरंगतो, म्हणजे पूर्ण वेळ स्वतःचे वजन उचलण्यातच त्याची शक्ती खर्च होते, त्यामुळे तो जड वजन उचलू शकतो पण लांब जाऊ शकत नाही. लांब जायचे तर विमानासारखे पसरलेले पंख लागतात, आणि असा ड्रोन उडायला धाव किंवा गोफणीसारखी यंत्रणा लागते. या दोहोंचा मेळ घालणारा तिसरा प्रकार पंख्यांच्या बळावर जागेवरून सरळ वर उठतो आणि मग पंखांवर पुढे जातो. डोंगरातल्या उपकेंद्रासाठी हाच प्रकार उपयोगी, कारण तिथे उतरायला शाळेच्या मैदानाएवढीच जागा मिळते.

उष्णतेचा मुद्दा मात्र ताईंनी सांगितला त्यापेक्षाही खोल आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा हवा विरळ होते, १५ अंशांच्या मानाने सुमारे एक दशांशाने हलकी. तितका उठाव पंख्यांना कमी मिळतो. वर सातपुड्याची उंची धरली तर आणखी तेवढीच घट होते. परदेशात जो ड्रोन ठरावीक वजन नेतो, तो मे महिन्यात तोरणमाळला तेवढेच नेईल असे धरून चालता येणार नाही.

चोपड्याला मुक्काम केला. रात्री शेवभाजी आणि कळण्याची भाकरी खाल्ली. शेवभाजीचा तवंग पाहून बाहेरचे लोक घाबरतात, पण सोबत कांदा आणि लिंबू घेतले की ती बाधत नाही. जाणाऱ्यांसाठी एक सूचना : अडावदजवळच्या उनपदेवच्या गरम पाण्याच्या झऱ्याला जायचे असेल तर सकाळी लवकर जावे.

रविवार : शिरपूर, शहादा

बऱ्हाणपूर–अंकलेश्वर महामार्गाने शिरपूर आणि तिथून शहादा हा प्रवास सरळ पार पडला. उजव्या हाताला दिवसभर सातपुडा होता. शहाद्याला पोहोचल्यावर प्रकाशाला जाऊन तापी-गोमाईचा संगम पाहिला आणि संध्याकाळी चहाच्या टपरीवर १०८ रुग्णवाहिकेचे एक चालकदादा भेटले. ही सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून सुरू आहे आणि या दादांनी तिच्यात अनेक वर्षे काढली आहेत.

त्यांचे म्हणणे असे की गाडीचा वेळ डांबरी रस्त्यावर फारसा जात नाही. फोन उशिरा लागतो, कारण पाड्यावरून कोणीतरी टेकडीवर चढून रेंज शोधतो. मग रुग्णाला बांबूला बांधलेल्या झोळीत घालून चार माणसे रस्त्यापर्यंत आणतात, आणि त्या चालण्यात तास, दोन तास जातात. पावसात दरड पडली तर मग काहीच हातात राहत नाही. “घाटमा गाडी फसनी का मंग देवच शे, ताई,” असे ते म्हणाले आणि पुढे थोडा वेळ आम्ही कोणीच बोललो नाही.

मी त्यांना विचारले की ड्रोन आला तर तुमचे काम कमी होईल का. त्यांनी लगेच मान हलवली. रुग्णाला आणावेच लागणार, ड्रोन माणूस उचलत नाही. पण रुग्ण झोळीत असतानाच रक्त किंवा औषध खालच्या रुग्णालयातून वरच्या रुग्णालयात येऊन थांबले असेल, तर माझी पुढची साठ-सत्तर किलोमीटरची धाव वाचेल, असे ते म्हणाले. एवढ्या नेमकेपणाने हा विषय मी कुठल्याही सादरीकरणात ऐकला नव्हता.

रात्री नकाशावर पट्टी ठेवून अंतरे मोजली. शहाद्याहून तोरणमाळ हवाई मार्गाने चाळीस किलोमीटरच्या आत येते, नंदुरबारहून धडगाव पन्नासच्या आसपास. घाटांच्या वळणांमुळे रस्ता दीडपटीच्या जवळ जातो आणि वेळ त्याहून कितीतरी अधिक लागतो. आफ्रिकेतला रवांडा हा देश हजार टेकड्यांचा देश म्हणून ओळखला जातो. तिथे ऑक्टोबर २०१६ पासून झिपलाइन कंपनीचे पंखवाले ड्रोन एका केंद्रातून दूरच्या रुग्णालयांना रक्त पोहोचवत आहेत. ते ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास वेगाने जातात आणि रुग्णालयाच्या आवारात छोट्या छत्रीने खोका सोडून न उतरताच परततात. त्या कामाचा अभ्यास २०२२ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झाला. रक्त वेळेत मिळू लागले हे तर त्यात होतेच, पण मुदत संपून वाया जाणाऱ्या रक्ताचे प्रमाण ६७ टक्क्यांनी घटले ही माझ्यासारखीला अधिक हलवून टाकणारी गोष्ट होती. रक्तपेढीत काम करणाऱ्या कोणालाही विचारा, रक्तदात्याने दिलेली पिशवी मुदतबाह्य म्हणून नोंदवताना काय वाटते. लाल पेशी ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स अवघे ५ दिवस. प्रत्येक लहान रुग्णालयाने प्रत्येक गटाचे रक्त भरून ठेवायचे म्हटले तर बरेचसे वाया जाणार, आणि ठेवले नाही तर नेमक्या वेळी मिळणार नाही. मध्यवर्ती साठा आणि जलद वाहतूक हाच त्यातला मार्ग आहे.

सोमवार : तोरणमाळ

शहाद्यात गाडीची टाकी भरून घ्यावी आणि रोख पैसे जवळ ठेवावेत, पुढे दोन्हींची खात्री नाही. म्हसावद सोडल्यावर घाट सुरू झाला आणि वर जाता जाता ढगांनी आम्हाला पूर्ण गिळले. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून सुमारे ११५० मीटर उंचीवर आहे, म्हणजे शहाद्याच्या मैदानातून निघालेल्या ड्रोनला जवळजवळ हजार मीटर चढून जावे लागणार. २५ ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार हरित क्षेत्रात, म्हणजे जिथे उडवायला पूर्वपरवानगी लागत नाही तिथे, जमिनीपासून ४०० फुटांपर्यंतच मोकळी मुभा आहे. सपाटीवर ती मर्यादा पुरेशी वाटते, पण सातपुड्याच्या उभ्या कड्यासमोर ड्रोनला डोंगराची पाठ पकडून, प्रत्येक सोंडेबरोबर वर-खाली होत जावे लागेल. त्यात दरीतून वर चढणारा वारा. भाच्याने सीताखाईच्या कठड्यावर उभे राहून छोट्या वेगमापकाने वारा मोजला, तर काही क्षणांत आकडा दुप्पट होऊन पुन्हा खाली येत होता. धुके असे की समोरचा कडाही दिसत नव्हता. तो म्हणाला, “मावशी, आज इथे मी काहीही उडवलं नसतं.” ज्या महिन्यांत रस्ते बंद पडतात त्याच महिन्यांत आकाशही बंद पडू शकते, ही या प्रवासातली सर्वांत अवघड गोष्ट मला तिथे उभी असताना पुरती कळली.

दुपारी धुके विरळ झाले आणि यशवंत तलाव एकदम उघडा पडला. तलावाकाठी पावरा समाजाच्या एका आजींनी मक्याची कणसे भाजून दिली, वर ओल्या मिरचीचा ठेचा. त्यांच्याकडून कळले की जवळच्या एका उपकेंद्रातल्या परिचारिकाताई त्या दिवशी लसीकरणासाठी पाड्यावर आल्या आहेत, आणि संध्याकाळी त्यांची भेट झाली.

सापाचा विषय त्यांनीच काढला. भात आणि मका काढणीच्या दिवसांत लोक शेतातल्या झोपडीत जमिनीवर झोपतात आणि मण्यार रात्रीच चावते. दंश दुखत नाही, खूणही दिसत नाही, पहाटे पोट दुखते आणि पापण्या जड होतात तेव्हा घरचे जागे होतात. आपल्याकडचे सर्पविषरोधक औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर चालते. मला वाटत होते की ड्रोनचे पहिले काम हेच असावे. परिचारिकाताईंनी मात्र मला थांबवले. या औषधाची भुकटीच्या स्वरूपातली कुपी साठवून ठेवता येते, मग ती आकाशातून कशाला यायची, ती आधीपासूनच केंद्रात असली पाहिजे, असे त्या म्हणाल्या. शिवाय मण्यारीच्या विषाने श्वासाचे स्नायू लुळे पडले की औषधाच्या बरोबरीने कोणीतरी हाताने पिशवी दाबत श्वास देत राहावा लागतो, कधी कधी संपूर्ण वाटभर. तो हात ड्रोन आणू शकत नाही.

मला त्या वेळी स्वीडनमधली घटना आठवली. डिसेंबर २०२१ मध्ये ट्रोलहॅटन गावात ७१ वर्षांचे गृहस्थ घरासमोरचा बर्फ काढताना हृदय बंद पडून कोसळले आणि तीन मिनिटांच्या थोडे वर वेळात ड्रोनने विजेचा धक्का देणारे यंत्र त्यांच्या दारात उतरवले. जगभर ती बातमी ड्रोनची म्हणून छापली गेली. पण त्या वेळी रस्त्याने एक डॉक्टर चालले होते, ते थांबून छातीवर दाब देत होते आणि आलेले यंत्र त्यांनी वापरले. ताईंना हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, “मग आधी आम्हाला शिकवा.”

त्या रात्री मी वहीत दोन रकाने केले. जे साठवता येते ते : सर्पविषरोधक, सलाइन, रक्तस्राव रोखणाऱ्या गोळ्या. आणि जे केंद्रात साठवता येत नाही ते : गटाचे रक्त, प्लेटलेट्स, क्वचित लागणारी महाग इंजेक्शने, तपासणीला न्यायचे नमुने. माझे मत त्या रकान्यांतूनच पक्के झाले. पहिल्या रकान्यातली उणीव झाकण्यासाठी ड्रोन वापरला तर तो शोभेचा ठरेल, दुसऱ्या रकान्यासाठी वापरला तर माणसे वाचतील.

मंगळवार : धडगाव

तोरणमाळ ते धडगाव हा रस्ता पावसाने खचला होता आणि एका वळणावर दोन तास थांबावे लागले. घाटात पावसाळ्यात अंधार पडल्यावर गाडी चालवू नये, ही सूचना मी मनापासून करते. धडगाव तालुक्यातच अस्तंब्याचे शिखर आहे, जिथे दिवाळीत हजारो लोक चढून जातात. कपाळावरची भळभळती जखम घेऊन तेल मागत फिरणाऱ्या अश्वत्थाम्याची ही जागा मानली जाते. भाच्याचे लक्ष वेगळ्याच गोष्टीकडे होते. ड्रोन आणि त्याचा नियंत्रक यांचा संपर्क डोंगराआड तुटतो, मोबाइलचे जाळे सगळीकडे नाही, तेव्हा अशा उंच माथ्यांवर संदेश पुढे देणारी साधने बसवल्याशिवाय धडगावच्या दऱ्यांत नियमित उड्डाण करता येणार नाही, असे त्याने सांगितले.

धडगावच्या बाजारात आमचूर विकणाऱ्या बायका ओळीने बसल्या होत्या. इथला आमचूर प्रसिद्ध आहे आणि तो थेट त्यांच्याकडूनच घ्यावा. बाजाराच्या वेळात शीतपेटी मुद्दाम उन्हात, बंद गाडीत ठेवली. तोरणमाळच्या चढणीत दिवसभर ६ अंशांच्या आत राहिलेले तापमान इथे दुपारनंतर १० च्या वर गेले. आईस पॅक घालण्यापूर्वी ते बाहेर ठेवून घाम फुटू द्यावा आणि ते पिशवीला थेट टेकणार नाहीत अशी मध्ये जाडी ठेवावी, कारण गोठलेल्या पॅकला लागून पेशी फुटतात. ड्रोनच्या खोक्यालाही हाच नियम लागू आहे, फक्त तिथे प्रत्येक आईस पॅकचे वजन औषधाच्या वजनातून वजा होते.

संध्याकाळी एका वैद्यकीय अधिकाऱ्यांशी निवांत बोलता आले. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव हा त्यांच्या सगळ्या बोलण्याचा गाभा होता. असा स्राव थांबला नाही तर आईच्या हातात साधारण दोन तास असतात. धडगावहून नंदुरबारला न्यायचे तर ते दोन तास चांदसैली घाटातच संपतात, तोही मोकळा असेल तर. १० मे २०२३ रोजी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने ग्रेटर नोएडा आणि दिल्लीतल्या संस्थांना बरोबर घेऊन ड्रोनने रक्ताच्या १० पिशव्या नेण्याची चाचणी घेतली होती. रुग्णवाहिकेला सव्वा तास लागला तिथे ड्रोन पंधरा मिनिटांत पोहोचला. उड्डाणाच्या हादऱ्यांनी पेशी फुटतात का, ही शंका त्यापूर्वीच अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी तपासून दूर केली होती. हे सगळे त्यांना माहीत होते. त्यांचा प्रश्न पुढचा होता : पिशवी आली तरी ती रुग्णाच्या रक्ताशी जुळते हे तपासणार कोण आणि कुठे?

हा माझ्या कामातला प्रश्न होता आणि त्यावर आम्ही बराच वेळ बोललो. एक मार्ग असा की ड्रोनने आधी रुग्णाचा नमुना खाली न्यावा आणि जुळवलेले रक्त घेऊन परत यावे. पण त्यात दोन फेऱ्यांचा वेळ जातो. दुसरा असा की वरच्या रुग्णालयात ओ गटाच्या मोजक्या पिशव्यांचा साठा ठेवावा, रक्त जुळवण्याची तपासणी तिथेच करणारे माणूस तयार करावे आणि वापरलेल्या पिशव्यांची जागा ड्रोनने त्याच दिवशी भरून काढावी. मला दुसरा मार्ग अधिक खात्रीचा वाटतो. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण या भागात पुष्कळ आहेत, त्यांनाही वेळोवेळी रक्त लागते, त्यामुळे तो साठा पडून राहणार नाही.

बुधवार : भुषा, मोलगी

सकाळी नर्मदेच्या काठावर भुषाला उतरलो. सरदार सरोवराची पूर्ण पातळी १३८.६८ मीटर आहे आणि या दिवसांत पाणी तिच्या जवळ असते, त्यामुळे डोंगरांच्या घड्यांमध्ये दूरवर हिरवट पाणी शिरलेले दिसत होते. काठावरचे पाडे बोटीनेच जोडलेले आहेत, तरंगता दवाखानाही याच पाण्यावरून फिरतो. २०२० मध्ये इथल्याच एका अंगणवाडी सेविकेने रोज नाव वल्हवत बालकांपर्यंत आहार पोहोचवला होता. बोटवाले दादा म्हणाले की वारा उलटा असला की बोट अर्ध्या दिवसाची होते. बोटीत बसताना जीवरक्षक जाकीट मागून घ्यावे, न मागता ते मिळेलच असे नाही.

पाण्यावरून ड्रोनला अडथळा नसतो. मणिपूरमध्ये ४ ऑक्टोबर २०२१ रोजी बिष्णुपूरच्या रुग्णालयातून लोकटाक सरोवरातल्या करांग बेटावर ड्रोनने लस गेली, ती १५ किलोमीटर अंतर पाव तासाच्या आत कापून. आपल्या महाराष्ट्रातही त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पालघर जिल्ह्यात जव्हारहून झाप गावाला ३०० लसी नऊ-दहा मिनिटांत पोहोचल्या. नजरेपलीकडे उड्डाण करायचे तर स्वतंत्र परवानगी लागते आणि अशा चाचण्या ती घेऊनच झाल्या. माझी खंत एवढीच की चाचणीचे छायाचित्र छापून येते, पण रोजची फेरी सुरू होत नाही. रोजची फेरी नसेल तर आणीबाणीच्या रात्री बॅटरी भरलेली नसते आणि उडवणारा माणूस जागेवर नसतो.

दुपारी मोलगीला पोहोचलो. उडदाची डाळ आणि दादरची भाकरी खाऊन आशाताईंच्या एका बैठकीला बसलो. मी विचारले की ड्रोन पाठवायचा तर पत्ता काय सांगाल. हा प्रश्न त्यांच्यासाठीही नवा होता. इथे वस्ती एकत्र नाही, प्रत्येक घर आपल्या शेतात आणि पाटीलपाडा तर गावोगाव आहे. मग एका आशाताईंनी सुचवले की घरापर्यंत येण्याची गरजच नाही. शाळा किंवा अंगणवाडीसमोरची मोकळी जागा ठरवून द्यावी, तिथला नकाशावरचा बिंदू एकदाच नोंदवावा, आणि जिथे झोळी येऊन थांबते तिथेच औषधही येऊ द्यावे. भाच्याने लगेच त्यांच्या फोनवर आसपासच्या शाळांचे बिंदू नोंदवून दिले.

गुरुवार : देवगोई घाट, नंदुरबार

मोलगीहून देवगोई घाटाने अक्कलकुवा, तळोदा आणि दुपारपर्यंत नंदुरबार. घाटात धबधबे अजून जोरात होते. नंदुरबारच्या बाहेर मिरची वाळवण्याच्या पथारी या दिवसांत रिकाम्या असतात, दोन-तीन महिन्यांनी त्या लालभडक होतात आणि हवेत खोकला भरतो.

गाडीची वेळ होईपर्यंत रक्तपेढीत काम करणाऱ्या एका समव्यवसायी ताईंना भेटले. वरून मध्यरात्री फोन येतो, पिशवी तयार असते आणि न्यायला गाडी नसते, हा अनुभव त्यांनाही आहे. आम्ही दोघींनी मिळून कागदावर पहिला मार्ग आखला. नंदुरबारहून थेट धडगावला न उडता तळोद्याला एक थांबा ठेवावा, म्हणजे घाट चढण्यापूर्वी बॅटरी बदलता येईल आणि वर धुके असेल तर पेटी तिथेच उतरवून रस्त्याने पुढे नेता येईल. तळोदा ते धडगाव हे अंतर हवाई मार्गाने तीसेक किलोमीटर भरते. फेरी रोज सकाळी व्हावी, जाताना रक्त आणि येताना तपासणीचे नमुने, आणि पावसाळ्यात हवा बंद असेल त्या दिवसांसाठी वरचा साठा दुप्पट ठेवावा.

तोरणमाळच्या आणि मोलगीच्या परिचारिकाताईंनी रक्तगट तपासणीचे आणि श्वास देण्याचे प्रशिक्षण मागितले आहे. पहिल्या भागाची जबाबदारी मी घेतली असून त्याबद्दलचे पत्र परतल्या परतल्या आमच्या रक्तपेढीतून पाठवले आहे. दुसऱ्या भागासाठी भूलतज्ज्ञ हवे आहेत. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की भाचा वेगमापक घेऊन चांदसैलीच्या माथ्यावर वाऱ्याच्या नोंदी घ्यायला जाणार आहे, आणि खानदेशातले कोणी भूलतज्ज्ञ त्याच्या गाडीतून वर यायला तयार असतील तर त्यांची राहण्याची सोय आशाताईंनी आधीच करून ठेवली आहे.